दोन किलो दाब, चार टन जोर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘टँकरचे झाकण उडून कामगार गंभीर जखमी’ अशी चार ओळींची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून येते. तिच्यात टाकीचा ‘स्फोट’ झाल्याचे म्हटलेले असते, त्याचे कारण समजू शकलेले नसते आणि अधिक तपास सुरू असतो. सिमेंट, राख, चुना यांसारखा भुकटीचा माल हवेच्या दाबाने रिकामा करणाऱ्या गाड्या, म्हणजे ज्यांना रस्त्यावर सगळे बल्कर म्हणतात, त्या मी वीस वर्षांहून अधिक काळ चालवल्या आणि पुढे काही वर्षे त्यांच्या दुरुस्तीचे काम पाहिले. या काळात मी जवळून पाहिलेल्या एकाही प्रसंगात स्फोट झालेला नव्हता. टाकी शाबूत होती, तिचे सांधे शाबूत होते, कुठे ठिणगीही पडली नव्हती. आत हवा शिल्लक असताना कोणीतरी झाकण सोडले होते, इतकेच घडले होते. ‘स्फोट’ हा शब्द छापला की दैवाचा घाला झाल्यासारखे वाटते आणि झाकण का सोडले गेले, हा खरा प्रश्न विचारायचा राहून जातो. म्हणून हे पत्र.

असे झाकण सोडणारा माणूस अडाणी किंवा बेफिकीर असतो, असे मानणे सोयीचे आहे. माझ्या मते तो आकड्याने फसलेला असतो. आमच्या धंद्यात दाब किलोत मोजतात: एक किलो, दीड किलो, दोन किलो. हा किलो म्हणजे खरे तर दर चौरस सेंटिमीटरवर पडणारा एक किलो वजनाचा जोर. पण बोलताना चौरस सेंटिमीटर गळून पडतो आणि नुसता किलो उरतो. ज्याच्या ट्रकच्या टायरांत रोज सात-आठ किलो हवा असते, त्याला टाकीतले दोन किलो किरकोळ वाटले तर त्यात नवल नाही. मी क्लीनर म्हणून कामाला लागलो तेव्हा माझ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी मला धीर दिला होता, “टायरापेक्षा कमी हवा आहे रे, घाबरतोस काय?” माणूस मनाने चांगला होता आणि त्यांचा आकडाही खरा होता. फक्त टायराला वीस इंची झाकण बसवून ते कोणी हाताने उघडत नाही, हे तेव्हा त्यांच्याही ध्यानात आले नव्हते आणि माझ्याही.

बल्करच्या माथ्यावरील मॅनहोलचा, म्हणजे माणूस आत उतरू शकेल अशा झाकणाच्या तोंडाचा, व्यास साधारणपणे ५० सेंटिमीटर असतो. त्याचे क्षेत्रफळ १,९६३ चौरस सेंटिमीटर भरते. आत एक किलो दाब असेल तर झाकणाला आतून वर रेटणारा जोर १,९६३ किलोंचा, म्हणजे जवळजवळ दोन टनांचा होतो आणि दोन किलो असेल तर चार टनांच्या आसपास जातो. ज्यांना हा हिशेब कागदी वाटतो, त्यांच्यासाठी एक जुना प्रयोग सांगतो. सतराव्या शतकात जर्मनीतील मॅगडेबर्गच्या ऑटो फॉन गेरिके यांनी जवळपास एवढ्याच व्यासाचे धातूचे दोन अर्धगोल एकमेकांवर बसवून आतली हवा उपसून काढली आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले, तरी ते अर्धगोल सुटेनात. त्यांना आवळून धरणारा बाहेरच्या वातावरणाचा दाब होता जेमतेम एक किलो. बल्करच्या झाकणावर तसाच जोर उलट दिशेने, म्हणजे उघडण्याच्या दिशेने, लागलेला असतो आणि त्याला थोपवून धरणारे असतात पाच-सहा आयबोल्ट, म्हणजे झाकणाच्या खाचांत बसून ते आवळून धरणारे बोल्ट. पान्हा घेऊन आपण नेमके तेच सोडायला बसतो.

त्यात भर म्हणजे झाकण निसटल्यावर हा जोर तिथल्या तिथे विरत नाही, कारण त्याच्या मागे साठा असतो. ३० घनमीटरच्या टाकीत दोन किलो दाब आहे, याचा अर्थ एरवी मावते त्यापेक्षा ६० घनमीटर जादा हवा तिच्यात कोंबलेली आहे. ट्रकच्या टायरात अशी जादा हवा सुमारे एक घनमीटर असते आणि तेवढ्यानेही टायर फुटून माणसे दगावतात. टाकी मालाने भरलेली असते तेव्हा हवेला जागा थोडी असते. माल निघून गेला की सगळी टाकी हवेची होते. म्हणजे गाडी रिकामी झाली असे म्हणून आपण ज्या वेळी निश्चिंतपणे शिडी चढतो, नेमक्या त्याच वेळी हवेचा साठा सर्वांत मोठा असू शकतो.

“पण गेज बघूनच वर चढतो ना आम्ही,” असे यावर प्रत्येक जण म्हणतो. मीही तेच म्हणत असे. गेजबद्दल, म्हणजे दाब दाखवणाऱ्या तबकडीबद्दल, थोडे सविस्तर लिहिणे म्हणूनच भाग आहे. साध्या गेजवर बारीक अक्षरांत त्याचा अचूकतेचा वर्ग छापलेला असतो. २.५ वर्गाच्या गेजला पूर्ण मोजपट्टीच्या अडीच टक्के चूक माफ असते. शून्य ते चार किलोच्या गेजवर ही माफ असलेली चूक ०.१ किलो होते. नवाकोरा, दोषरहित गेज शून्य दाखवत असताना आत ०.१ किलो दाब असू शकतो, आणि वर सांगितलेल्या झाकणावर ०.१ किलो म्हणजे १९६ किलोंचा जोर. तबकडीवर काटा टेकायला शून्यापाशी खिळा असेल तर खिळ्यावर टेकलेला काटा नक्की कुठे आहे, हे तर कळतच नाही. हे झाले चांगल्या गेजचे. धुळीत, पावसात, धक्क्यांत वर्षानुवर्षे लटकलेल्या आणि अडकला की पान्ह्याने टकटक करून ‘चालू’ केल्या जाणाऱ्या गेजविषयी काय बोलावे!

याहून वाईट म्हणजे तो गेज कोठे बसवला आहे, याची चौकशी फारसे कोणी करत नाही. काही गाड्यांत तो टाकीवर नसतो, टाकीत हवा भरणाऱ्या ब्लोअरकडून येणाऱ्या पाइपवर असतो आणि त्या पाइपात व टाकीत मध्ये हवा एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. टाकीतला माल उलटा ब्लोअरकडे जाऊ नये म्हणून तो हवाच. पण ब्लोअर बंद केला की पाइपातली हवा निघून जाते आणि गेज प्रामाणिकपणे शून्य दाखवतो. तो शून्य पाइपाचा असतो. टाकीत त्या वेळी दीड किलो असला तरी त्या गेजला त्याचा पत्ता लागत नाही. आपल्या गाडीचा गेज कोणत्या बाजूचा दाब दाखवतो, हे ज्या चालकाला सांगता येत नाही, त्याला गाडी ताब्यात देणाऱ्या मालकाने आधी ते दाखवून द्यायला हवे.

माझ्या डोळ्यांदेखत झालेला प्रसंग मात्र निराळ्या कारणाने झाला. कुणाचे नाव घेण्याची गरज नाही. गाडीचा मालक आणि ती जिथे रिकामी होत होती तो कारखाना, दोघेही इतरांसारखेच होते. माल संपला होता, ब्लोअर बंद होता, हवा सोडण्याचा व्हॉल्व्ह उघडलेला होता, फुसफुस थांबली होती आणि टाकीवरच बसवलेला गेज शून्यावर होता. तळात माल राहिला आहे का, हे पाहायला माझा सोबती वर चढला. सहांपैकी पाच बोल्ट सुटले. सहावा सुटेना, तेव्हा त्याने हातोडा मागवला. दुसऱ्या घावाला झाकण उलटले. त्याचा उजवा कोपर झाकणाच्या आड आला आणि तो जाळीवरून घरंगळत जाऊन कठड्याला अडकला; कठडा नसता तर बारा फुटांवरून खाली गेला असता. आज तो हिंडतो-फिरतो, पण तो हात सरळ होत नाही.

दोन दिवसांनी आम्ही गेज काढला. त्याच्या बारीक नळीतून तारेने खरवडून काढला तो बोटभर लांबीचा, खडूच्या कांडीसारखा घट्ट झालेला सिमेंटचा तुकडा. हवा सोडण्याच्या व्हॉल्व्हमागचा पाइपही ओलाव्याने दगड झालेल्या सिमेंटने बुजलेला होता. म्हणजे गेज टाकीपासून तुटलेला होता आणि व्हेंट, म्हणजे तो हवा सोडण्याचा व्हॉल्व्ह, नावापुरता उघडा होता. फुसफुस थांबली ती हवा संपली म्हणून नव्हे, तर वाट बंद झाली म्हणून. आवाज थांबण्याचे हे दोन अर्थ होऊ शकतात, हे मी त्या दिवशी शिकलो. शिवाय, सहावा बोल्ट का सुटत नव्हता, हेही तेव्हाच उमगले. आम्ही त्याला गंजलेला समजत होतो. पाच बोल्ट सुटल्यावर सगळ्या झाकणाचा जोर त्या एकट्यावर आला होता. रोज हाताने फिरणारा बोल्ट आज जड जातो आहे, हा त्या गाडीवरचा सर्वांत विश्वासू गेज होता आणि आम्ही त्याला हातोडा मारला.

यावरून जी रीत मी पुढे पाळली आणि हाताखालच्या मुलांकडून पाळून घेतली, ती अशी. ब्लोअर बंद केल्यावर हवा सोडण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा आणि गाडी पुन्हा भरायला निघेपर्यंत तो बंद करायचा नाही. झाकण सोडतानाही तो उघडाच असला पाहिजे. त्यातून हवा जोराने निघाली होती का, हे लक्षात ठेवायचे. टाकीत दाब होता हे ठाऊक असताना व्हेंटमधून नुसता सुस्कारा आला, तर मार्ग बुजला आहे असेच धरून चालायचे. टाकीला जमिनीवरून हाताळता येणारी दुसरी वाट असते, तीही एखाद्या सुरक्षित दिशेला उघडून पाहायची. गेज शून्य, व्हेंट उघडा व शांत आणि दुसरी वाटही शांत, असे तिन्ही जुळल्याशिवाय शिडीला हात लावायचा नाही. वर गेल्यावर एकही बोल्ट एकदम पूर्ण सोडायचा नाही. सगळे थोडे थोडे ढिले करून, आयबोल्ट खाचेतून बाहेर न काढता, झाकण गॅस्केटवरून, म्हणजे खालच्या रबरी पट्टीवरून, किंचित उचलते का ते पाहायचे. बारीकशी जरी शीळ ऐकू आली, गॅस्केटच्या कडेने धूळ उडाली किंवा बोल्ट नेहमीपेक्षा जड लागला, तर तिथेच थांबायचे, ढिले केलेले बोल्ट हलकेच आवळून खाली यायचे आणि हवा का उरली, हे शोधायचे. झाकणावर वाकायचे नाही आणि बिजागरीच्या बाजूलाही उभे राहायचे नाही, कारण झाकण उलटते ते त्याच बाजूला. हातोड्याला तर वर न्यायचेच नाही. हातोडा लागतो आहे, याचाच अर्थ काहीतरी चुकले आहे.

एक शंका नेहमी विचारली जाते की ज्या गाडीला कालपासून ब्लोअर लावलेलाच नाही, तिचे झाकण तरी बिनघोर उघडावे की नाही? याचे उत्तर उन्हात आहे. पहाटे २० अंश तापमानात घट्ट बंद केलेली रिकामी टाकी दुपारी ५० अंशांपर्यंत तापली, तर आतल्या हवेचा दाब साधारण एक दशांशाने वाढतो आणि झाकणावर पुन्हा तोच दोनशे किलोंच्या आसपासचा जोर येतो, ब्लोअर न लावता. उलट गरम वाफेने धुतलेली टाकी लगेच बंद करून थंड होऊ दिली, तर आत पोकळी निर्माण होऊन बाहेरच्या हवेने टाकीचा पत्रा चेपला जाऊ शकतो. दोन्हींवर उपाय एकच, व्हेंट उघडा ठेवणे. आणि झाकण उघडल्यावरही आत उतरण्याची घाई नको. साखर, प्लॅस्टिकचे दाणे असा पेट घेऊ शकणारा माल कधी कधी नायट्रोजनने रिकामा करतात. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, आणि प्राणवायू कमी असलेल्या टाकीत उतरलेला माणूस हाक मारण्याआधी कोसळतो. हवा मोजल्याखेरीज आणि बाहेर दोर धरून माणूस उभा असल्याखेरीज आत जायचे नाही, मग आत आधीच कोणी पडलेला का असेना.

नळीचे थोडक्यात सांगतो. चार इंची नळीच्या तोंडावर दोन किलो दाबाला दीडशे किलोंहून अधिक जोर येतो. नळी जोडणाऱ्या कॅमलॉकचे दोन्ही कान पूर्ण बसून त्यांना पिना घातलेल्या नसतील, रबराची चकती झिजलेली असेल, तर ती नळी सुटते आणि सापासारखी फटके मारते. माल अडकला की नळीवर हातोड्याने ठोकत सुटण्याची सवय याहून वाईट, कारण अडकलेला गोळा सुटतो तो एकदम आणि मागचा सारा दाब घेऊन. आधी दाब उतरवायचा, मग कान उचलायचे. हा क्रम घाईत उलटतो. माल संपत आल्यावर टाकीत उरलेली हवा एकदम सायलोत, म्हणजे माल साठवण्याच्या उंच कोठारात, जाऊ नये, याचीही काळजी घ्यावी लागते. सायलोची भिंत टाकीसारखी दाबासाठी बांधलेली नसते, आणि तिच्या माथ्यावरील फिल्टर तुंबलेला असेल तर तिथलेही झाकण उडते. आणखी एक गोष्ट: टाकीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह लवकर उडतो म्हणून त्याचा स्क्रू आवळून ठेवणारे मी पाहिले आहेत. त्यांना मी गाडीवर ठेवले नाही, त्याबद्दल काहींनी माझ्याशी बोलणे सोडले, आणि मला त्याचे वाईट वाटत नाही.

ज्वालाग्राही वायूच्या टँकरभोवती मात्र लोक दबकून वावरतात आणि ते योग्यच आहे. ११ जुलै १९७८ रोजी स्पेनमधील लॉस अल्फाकेस येथे प्रॉपिलीनने प्रमाणाबाहेर भरलेला टँकर फुटून दोनशेहून अधिक माणसे गेली. अशा मालाची भीती सर्वांना असते, म्हणून त्याच्याभोवती नियम, प्रशिक्षण, फलक सारे असते. सिमेंटची भीती कोणालाच वाटत नाही. ते पेटत नाही, वास मारत नाही, विषारी ढग होऊन पसरत नाही. त्यामुळे धोका मालाचा नसून टाकीतल्या हवेचा आहे, हे कुणाच्या मनात येत नाही आणि बल्करचा चालक पंधरा मिनिटांच्या तोंडी शिकवणीवर कामाला लागतो.

त्याच्यावर घाईही लादलेली असते. त्याची कमाई खेपांवर असते आणि टाकीतली हवा पूर्ण उतरायला लागणारी मिनिटे कोणत्याच हिशेबात धरलेली नसतात. गाडी एकाची, चालक दुसऱ्या ठेकेदाराचा, नळी कारखान्याची आणि जागा आणखी कोणाची, अशी वाटणी असल्यामुळे गेजची नळी कोणी साफ करायची, हे कोणाच्याच कामात लिहिलेले नसते. काही गोष्टी करायला फार पैसा लागत नाही: हवा सोडण्याचा व्हॉल्व्ह जमिनीवरून उघडता येईल असा खाली आणणे, टाकीलाच जोडलेला मोठा गेज शिडीच्या पायथ्याशी बसवणे, बोल्ट सुटले तरी झाकणाला बोटभर उचलून अडवणारी दुसरी कडी लावणे. अशी कडी असलेल्या गाड्या मी चालवल्या आहेत. तिच्यावर झाकण अडकते, हवा शीळ घालत निघून जाते आणि माणूस खाली येऊन शिव्या घालतो. त्यापलीकडे काही होत नाही.

संपादक महोदय, आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. यापुढे अशी बातमी हाती आली, तर व्हेंट उघडा होता का, गेज टाकीवर होता की पाइपावर आणि झाकणाला दुसरी कडी होती का, एवढे त्यांनी जरूर विचारावे व मिळेल ते उत्तर छापावे. कारखान्यांच्या फाटकांवर आमची हेल्मेटे, बूट, परवाने, विम्याचे कागद सारे तपासले जात असे. हेल्मेट नाही म्हणून मला दोनदा परतही पाठवले गेले. पण इतक्या वर्षांत एकाही फाटकावर मला कोणी हवा सोडण्याचा व्हॉल्व्ह उघडून दाखवायला सांगितले नाही. त्याला अर्धे मिनिट लागते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बल्करचालक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)